आधी मिटून राहायचं, मग उघडायचं

चि. गार्गीस,


तुझा पाचव्या महिन्यातला सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. ‘सर्व्हिक्स 36 मिमी, तोंड बंद’ या ओळीखाली रेघ मारून तू विचारलंयस, ‘आत्या, बंद आहे तर उघडणार कधी?’ अगं, आत्ता ते बंद आहे हीच आनंदाची बातमी आहे. लेबर रूममध्ये माझा जन्म गेला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गर्भपिशवीचा वरचा भाग स्नायूंचा असतो, तोंडाचा भाग, म्हणजे सर्व्हिक्स, मात्र मुख्यतः चिवट तंतूंचा. तीन-चार सेंटिमीटर लांबीचा हा भाग बाळाचा, पाण्याचा आणि वारेचा भार पेलत महिनोन् महिने मिटून राहतो. मधल्या वाटेत घट्ट चिकट स्रावाचा बोळा बसतो आणि खालून येणारे जंतू अडवतो. चोवीस आठवड्यांच्या आत ही लांबी 25 मिमीच्या खाली गेली, तर डॉक्टर सावध होतात. कुणाला प्रोजेस्टेरॉन देतात, तर आधी मधल्या महिन्यांत गर्भ गेला असेल अशा एखादीला तोंडाभोवती टाका घालतात.

हा टाका जगाला दिला तो आपल्याच माणसानं. गोव्यात जन्मलेले, मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी 1955 साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्यासाठी ते बाईच्या मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी काढून वापरत. पुढे सोप्या पद्धती आल्या, तरी ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभर टिकलं. हा टाका साधारण छत्तीस-सदतीस आठवड्यांना काढतात.

दिवस भरत आले की तंतूंची वीण सैल होते, त्यांत पाणी वाढतं. तपासणाऱ्या बोटाला आधी नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागणारं तोंड आता ओठासारखं मऊ लागतं. बोळा सुटून रक्ताची छटा असलेला चिकट स्राव जातो. पण त्यानंतर कळा त्याच दिवशी येतील किंवा आणखी काही दिवसांनी. कळा सुरू झाल्या की पहिलटकरणीचं तोंड आधी आखडून कागदासारखं पातळ होतं, मग उघडतं. दुसऱ्या खेपेला दोन्ही कामं बरोबरीनं चालतात.

पुढचं नीट लक्षात ठेव. दाराबाहेर बसलेली मंडळी दर अर्ध्या तासाला ‘किती बोटं उघडलं?’ विचारतील. तू तो आकडा मनावर घेऊ नकोस. दहा सेंटिमीटर म्हणजे पूर्ण उघडणं, पण पहिले पाच अतिशय सावकाश होतात. कळा सुरू होऊन रात्र गेली आणि तोंड तीनच सेंटिमीटर उघडलं, तर त्यात तुझी काही कसूर नाही. तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब सगळ्यांना लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्येच सांगितलं. तुझी प्रकृती आणि बाळाचे ठोके ठीक असतील, तर नुसत्या संथपणासाठी घाई करायची नाही. तोवर चाल, कुशीवर हो, पाणी पी. पूर्ण उघडण्याआधी ‘जोर कर’ असं घरचं कुणी म्हणालं, तर ऐकू नकोस. उगाच दमशील आणि तोंडाला सूजही येऊ शकते. डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील तेव्हा जोर कर.

बाळंतपणानंतर हे तोंड लगेच आवळायला लागतं. फक्त बाहेरचं गोल छिद्र नेहमीच्या बाळंतपणानंतर आडव्या फटीसारखं होतं आणि तसंच राहतं. त्यात काळजीचं काही नाही.

मात्र सदतीस आठवड्यांच्या आत ठरावीक अंतरानं कळा आल्या किंवा कधीही पाणी गेलं वा रक्त दिसलं, तर मला फोन करत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचार, की लेबर रूममध्ये सोबत कोण थांबू शकतं. आपलं माणूस जवळ असलं की कळा सोसायला बळ येतं. परवानगी मिळाली तर मी आहेच.

तुझी,
सुमनआत्या