बरोबरीचा निवाडा

ज्या स्पर्धेत हरलेल्या संघाला त्याच दिवशी गाशा गुंडाळावा लागतो, तिच्या नियमावलीतील इतर कलमे कितीही विचारपूर्वक लिहिलेली असोत, एक कलम असे असतेच की जे लिहिताना मसुदा करणाऱ्याचा हात क्षणभर अडखळला असावा : दोघांपैकी कोणीच हरले नाही, तर हरलेला कोणाला समजावे? साखळी स्पर्धेत हा पेच पडत नाही; तेथे बरोबरीचा एकेक गुण उभयतांच्या खात्यावर जमा होतो आणि हिशेब पुढे चालू राहतो. बाद पद्धतीला शिल्लक ठेवण्याची मुभा नसते. पुढच्या फेरीसाठी तिला एकच नाव हवे असते, आणि ते खेळाने दिले नाही तर अन्य कोठून तरी आणावे लागते. हे 'अन्य कोठून तरी' म्हणजे नेमके काय, आणि त्याविषयी माणसाच्या मनात एवढी अढी का असावी, याचा विचार करण्यास युरोपातील विजेत्या क्लबांच्या चषकस्पर्धेचा १९६४–६५ चा हंगाम मला फार सोयीचा वाटतो.

पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडादैनिकातील गाब्रिएल आनो यांच्या पुढाकाराने १९५५ साली सुरू झालेल्या या स्पर्धेचा हा दहावा हंगाम. प्रत्येक जोडीने एक सामना घरी आणि एक परक्या मैदानावर खेळावा, दोहोंतील गोलांची बेरीज करावी, बेरीज समान भरल्यास तिसरा सामना त्रयस्थ शहरी घ्यावा, आणि तोही जादा वेळेनंतर बरोबरीत सुटल्यास दैवावर हवाला ठेवावा, अशी तेव्हाची रीत होती. लिव्हरपूल या हंगामात युरोपच्या मैदानांवर प्रथमच उतरत होता. बिल शँक्ली यांनी याच हंगामात अँडरलेख्टविरुद्ध आपल्या खेळाडूंना आपादमस्तक लाल वेश चढवला, तो आजतागायत उतरलेला नाही. उपांत्यपूर्व फेरीत त्यांची गाठ पडली ती जर्मनीच्या नव्या बुंडेसलिगाचे पहिले विजेतेपद मिळवून आलेल्या कोलोनशी. फेब्रुवारीत कोलोनला गोलशून्य बरोबरी झाली. लिव्हरपूलचा सामना बर्फामुळे पुढे ढकलावा लागला, आणि मार्चमध्ये तो झाला तेव्हा तोही गोलशून्य सुटला. मग २४ मार्च १९६५ रोजी दोन्ही संघ रॉटरडॅमला गेले. तेथे लिव्हरपूलने दोन गोल चढवले, कोलोनने ते दोन्ही फेडले, जादा अर्धा तास संपला, आणि तीनशे मिनिटांच्या खेळानंतर दोन्ही पारडी जेथल्या तेथे राहिली.

या तीनशे मिनिटांपैकी अखेरची कित्येक मिनिटे वोल्फगांग वेबर नावाचा कोलोनचा तरुण बचावपटू मोडलेल्या पायाने खेळला, कारण बदली खेळाडू घेण्याची सवलत तेव्हा नव्हती आणि तो बाहेर बसला असता तर संघ दहाचा झाला असता. (हाच वेबर पुढल्या वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला इंग्लंडशी बरोबरी साधणारा गोल करतो, बरोबरी त्याच्या प्राक्तनातच लिहिली असावी.) सामना संपल्यावर पंचांनी दोन्ही कर्णधारांना मध्यभागी बोलावले आणि एक बाजू लाल, एक पांढरी अशी चकती हवेत उडवली. ती खाली आली आणि तुडवून चिखल झालेल्या त्या मैदानात कडेवर उभी राहिली. दैवालाही फैसला देण्याचा संकोच झाला, असे म्हणण्याचा मोह येथे कोणालाही व्हावा. परंतु चिखलाला संकोच नसतो. चकती पुन्हा उडवण्यात आली, लाल बाजू वर आली, आणि रॉन येट्सचा लिव्हरपूल उपांत्य फेरीत गेला.

हा प्रसंग सांगताना बहुतेक जण 'क्रूर' हे विशेषण योजतात. मला त्याची योग्यता पटत नाही. चकतीने वेबरचा पाय हिशेबात धरला नाही हे खरे, पण तिने लिव्हरपूलच्या दोन गोलांची आघाडीही धरली नाही. ती काहीच धरत नाही, आणि धरते असा बहाणाही करत नाही. उभयतांत अंतर सापडले नाही, स्पर्धेला मात्र एकच संघ पुढे न्यायचा आहे, एवढीच कैफियत ती देते आणि गप्प बसते. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा कौल देणारा कोणीतरी आहे या श्रद्धेने माणूस तो स्वीकारतो. रॉटरडॅमच्या चकतीमागे असा कोणी उभा नव्हता, आणि कदाचित तेच लोकांना सोसले नाही. उघड्या योगायोगाला वस्त्र चढवल्याशिवाय त्याला सदरेवर येऊ द्यायचे नाही, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. आपला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ पाहावा. दोन उमेदवारांना समसमान मते पडली आणि एका मताने निकाल फिरत असला, तर चिठ्ठी टाकून निवाडा करण्याची तजवीज त्यात आहे. पण ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक जादा मत मिळाले असे समजावे, असेही तो कायदा लगोलग बजावतो. ते मत कोणी दिलेले नसते. तरीही माणूस चिठ्ठीने निवडून आला असे दप्तरी लिहिण्यापेक्षा नसलेल्या मतदाराचे मत नोंदवणे कायद्याला अधिक शिष्टसंमत वाटते.

लिव्हरपूलचा पुढला प्रवास या दृष्टीने लक्षणीय आहे. उपांत्य फेरीत गतविजेत्या मिलानच्या इंटरला त्यांनी स्वगृही ३–१ असे हरवले आणि १२ मे रोजी सान सिरो येथे ते ०–३ असे हरले. पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोल झाले. कोर्सोने फ्री किक थेट जाळ्यात मारली. ती अप्रत्यक्ष होती, सबब गोल धरू नये, अशी लिव्हरपूलची हरकत होती. पाठोपाठ गोलरक्षक टॉमी लॉरेन्स चेंडू जमिनीवर आपटत असताना पेइरोने तो पायाने काढून घेतला आणि रिकाम्या जाळ्यात ढकलला. तिसरा गोल फाकेत्तीचा. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. त्या रात्रीच्या पंचाविषयीची फिर्याद लिव्हरपूलच्या लोकांनी आयुष्यभर जिवंत ठेवली. जिंकलेली चकती त्यांना योगायोग वाटली, आणि हरलेला सामना कटकारस्थान. पराभवाला एक चेहरा मिळाला की त्याच्याशी भांडता येते, ही सोय लहान नव्हे.

अंतिम सामना २७ मे रोजी त्याच सान सिरोवर, म्हणजे इंटरच्या घरीच होता, आणि बेन्फिकाने त्यास घेतलेली हरकत चालली नाही. पावसाने मैदान निसरडे झाले होते. पूर्वार्ध संपत आला असता जाईरने मारलेला, काही फारसा भयंकर नसलेला, फटका गोलरक्षक कोश्ता पेरेराच्या हातातून आणि पायांमधून निसटून आत गेला. उत्तरार्धात तो जायबंदी होऊन बाहेर गेला, जेर्मानू नावाचा बचावपटू गोलात उभा राहिला, आणि दहा जणांनिशी खेळणाऱ्या बेन्फिकावर आणखी एकही गोल झाला नाही. एलेनियो एरेरा यांच्या इंटरने चषक १–० असा राखला. मार्चमध्ये चिखलाने चकती कडेवर उभी केली आणि मेमध्ये पावसाने चेंडू निसटवला. या दोन घटनांत निसर्गाचा वाटा कमीअधिक होता असे कोणी सिद्ध करू शकेल असे मला वाटत नाही. फरक एवढाच की रॉटरडॅमच्या निकालाखाली कोणाचे नाव लिहिता येत नाही आणि मिलानच्या निकालाखाली कोश्ता पेरेराचे नाव कायमचे लिहिले गेले, आणि तेही दोन वेळा हाच चषक जिंकलेल्या संघाच्या गोलरक्षकाचे.

चकतीचे राज्य त्यानंतर फार टिकले नाही. परक्या मैदानावर केलेला गोल अधिक मोलाचा मानण्याचा नियम पुढल्याच हंगामात युरोपच्या दुसऱ्या एका चषकस्पर्धेत आला, आणि कालांतराने या स्पर्धेतही. १९६८ साली राष्ट्रसंघांच्या स्पर्धेत इटलीने सोव्हिएत संघाला नेपल्स येथे नाणेफेकीवर मागे टाकले. कौल बोलणारा कर्णधार तोच फाकेत्ती. १९६९ च्या नोव्हेंबरात लिस्बनमध्ये सेल्टिकने बेन्फिकाला पंचाच्या खोलीतील नाण्यावर बाहेर काढले. १९७० साली नियमकर्त्यांनी पेनल्टीच्या फटक्यांना मंजुरी दिली आणि नाणे या कामातून निवृत्त झाले. आता निकाल खेळाडूंच्या पायांनी लागतो, म्हणून तो अधिक न्याय्य, असे युक्तिवादाचे स्वरूप होते. युक्तिवाद निखालस खोटा नाही. बारा यार्डांवरून चेंडू मारण्यात कसब आहे, धीर आहे, आणि खेळाडूला विचारले तर तो चकती उडताना हात बांधून पाहण्यापेक्षा काहीतरी करून हरणे पत्करील, यात मला शंका नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

परंतु काहीतरी करून हरण्याची किंमत एकाच माणसाकडून वसूल होते. २१ मे २००८ रोजी मॉस्कोत, याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी निर्णायक फटका मारायला आला असता पावसाने ओल्या झालेल्या गवतावर त्याचा टेकलेला पाय घसरला आणि चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला. पुढे मँचेस्टर युनायटेडने ६–५ अशी बाजी मारली. तो पाय घसरण्यात आणि चकती लाल पडण्यात दैवाचे प्रमाण वेगळे होते काय? तरी एकीला आपण नाणेफेक म्हणतो आणि दुसरीला टेरीची चूक. एकशेवीस मिनिटे अकरा जणांनी, खरे तर बावीस जणांनी, मिळून निर्माण केलेली समता एका माणसाच्या खात्यावर नावे टाकण्याची ही युक्ती आहे. कोलोनच्या खेळाडूंपैकी कोणालाही त्या मार्चच्या रात्री घरी जाऊन असा जाब द्यावा लागला नाही. कर्णधाराला फार तर रंग विचारला गेला असेल.

परक्या मैदानावरील गोलाचा नियमही २०२१ साली रद्द झाला. तो नियम चांगला होता असे नव्हे. पाहुण्याचा गोल यजमानाच्या गोलाहून वजनदार का, याचे समाधानकारक उत्तर त्याच्या समर्थकांनी कधी दिले नाही. पण तो काही जोड्यांचा निवाडा निदान पेनल्टीपर्यंत जाऊ न देता करत असे. आता ती वाट बंद झाल्याने बरोबरीच्या अधिक जोड्या थेट जादा वेळेत आणि तेथून बारा यार्डांच्या खुणेवर येऊन ठेपतील, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी एक जण चुकेल. त्याचे नाव, त्याने कोणत्या कोपऱ्यात चेंडू मारला आणि मारण्यापूर्वी तो किती पावले चालला, हे सारे आपण पाठ करू, कारण त्या रात्रीच्या उरलेल्या दोन तासांपैकी आपल्याला तेवढेच सांगता येण्याजोगे वाटेल.