कोठार आणि ताट

राष्ट्राचें कोठार भरलें कीं राष्ट्रांतील प्रत्येकाचें समाधान झालें, असें समीकरण मांडण्याचा मोह भल्याभल्यांस आवरत नाहीं. 1950-51 सालीं भारतांत सुमारें 5 कोटी टन अन्नधान्य पिकलें. 2023-24 सालीं तें 33 कोटी टनांच्या घरांत गेलें. तेवढ्या काळांत लोकसंख्या चौपट झाली, धान्य मात्र सहापटींहून अधिक वाढलें. हा पराक्रम लहान नव्हे. 1972 च्या दुष्काळांत ज्या मराठवाड्यानें खडी फोडून परदेशचा तांबडा मिलो खाल्ला, त्यास भरल्या कोठाराचें मोल कोणीं शिकवावयास नको.

परंतु या वाढींत बीडच्या ज्वारीचा वाटा शोधूं गेल्यास निराशाच पदरीं येते. देशांतील ज्वारीचें क्षेत्र 1970 च्या सुमारास 1 कोटी 70 लाख हेक्टर होतें. अलीकडे तें 40 लाखांच्या आसपास उरलें आहे. हमीभाव ज्वारीसही जाहीर होतो, पण सरकारी खरेदीचा हात मुख्यतः गहूं व तांदूळ यांवरच पडत आला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस माणशीं दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. 2023 पासून तें विनामूल्य मिळूं लागलें. कायद्यांत भरड धान्याचें नांव आहे. पिशवींत बहुधा गहूं-तांदूळच पडतात.

तेव्हां प्रश्न असा कीं, ज्यास अन्नाचा हक्क दिला, त्यास अन्न निवडण्याचा हक्क आहे कीं नाहीं? कोणी म्हणेल, फुकटचें खाणाऱ्यानें आवडनिवड सांगूं नये. पण मग त्यास हक्क कशाला म्हणावयाचें? भिक्षा म्हणावें आणि मोकळें व्हावें.

याच्या उलट, ज्वारीनें प्रकृति सुधारते असें अलीकडे उमगलेला आमचा सुशिक्षित वर्ग म्हणतो कीं, बीडच्या शेतकऱ्यानें कापूस-सोयाबीनच्या नादीं लागून ज्वारी सोडूं नये. हा उपदेश मला अधिक खटकतो. रब्बीची ज्वारी पिकते माघ-फाल्गुनांत. पाखरें राखावयाचीं, ताटें उपटावयाचीं, कणसें मोडावयाचीं, कडब्याच्या पेंढ्या बांधावयाच्या. आणि हें सारें ज्या हातांनीं करावयाचें, त्यांतील कितीएक हात दिवाळीच्या सुमारासच ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत गेलेले असतात. तीं माणसें परततात पाडव्याच्या आगेमागें. मागें राहिलेल्या म्हातारा-म्हातारींनीं ज्वारीची परंपरा सांभाळावी काय? जनावरांस कडबा हवा म्हणून पुष्कळ घरें अजून ती पेरतात, एवढेंच.

सरकारनें बीडची ज्वारी तिच्या कष्टांस शोभेल अशा भावानें घेऊन बीडच्याच रेशन दुकानांत ठेवली, तर खाणारा व पिकविणारा या दोघांचेंही म्हणणें ऐकल्यासारखें होईल. त्यास खर्च अधिक येईल. तो करदात्यांनीं उचलावा असें माझें मत आहे. भाकरीचे गोडवे गाणाऱ्यांनीं तर विशेषेंकरून.