नाव, अंगठा आणि आकडा

मानवत येथील एका स्वस्त धान्याच्या दुकानापुढे गेल्या वर्षी आम्ही काही काळ उभे होतो. काम आमचे नव्हते, सोबतच्या गृहस्थांचे होते. आणि रांग लांब असल्यामुळे पाहत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आमच्यापुढे सत्तरी उलटलेली एक बाई होती. तिने यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला. यंत्राने नकार दिला. पदराने पुसून तिने तो पुन्हा ठेवला, मग तर्जनी ठेवली, मग डाव्या हाताची बोटे एकामागून एक ठेवून पाहिली. शेवटी ती दुकानदारास म्हणाली, "मला वळखीत न्हाईस का रं?" दुकानदार वयाने तिच्या मुलाएवढा. तो ओशाळून म्हणाला, "मी वळखतो हो मावशी, पण मशीन वळखीना."

हे उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस सोडीना. ओळखणारा मनुष्य समोर बसलेला आहे, ओळखली जाणारी समोर उभी आहे, तिच्या वाट्याचे माणशी पाच किलो धान्य मागे पोत्यात भरलेले आहे, आणि तरीही तिची ओळख पटलेली नाही. मग 'ओळख' म्हणजे आहे तरी काय, आणि ती कोणी द्यावयाची?

प्रथम एका मोहापासून आपण दूर राहिले पाहिजे. पूर्वी गाव माणसास ओळखीत असे, आता यंत्र ओळखते, आणि म्हणून जुने ते बरे, असे म्हणणे फार सोपे आहे. परंतु गावाची ओळख फुकट मिळत नसे. मनुष्य कोण हे पाटील सांगे, कुलकर्ण्याचे दप्तर सांगे, सावकाराची वही सांगे. आणि हे तिघेही नावाबरोबर जात सांगत, देणे सांगत, प्रसंगी बापाने केलेला गुन्हाही सांगत. ज्याच्यावर पाटलाची इतराजी झाली त्याची ओळख पटण्यास किती हेलपाटे पडत, हे आमच्या वडील पिढीने पाहिलेले आहे. शिवाय आमच्या ह्या मुलखाचे दप्तर ते! १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात. कागद कोठे उर्दूत, कोठे मोडीत. उर्दू लिपीत ऱ्हस्वदीर्घ आणि स्वर ह्यांचा मेळ लिहिणाऱ्याच्या मर्जीवर, त्यामुळे एकाच कुळाचे आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी वाचले जावयाचे. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तिला हैदराबादेपर्यंत जाऊन जुनी दप्तरे चाळावी लागली. आपला पणजा कोण होता हे लोकांस ठाऊक होते. ते दाखविणारा कागद मात्र कोठल्या कपाटात आहे हे ठाऊक नव्हते.

अशा मुलखात बारा आकड्यांची एक संख्या प्रत्येकास मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. तिचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी वस्तीच्या गावी पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत पहिले क्रमांक देण्यात आले, आणि त्यांतला पहिला एका स्त्रीस मिळाला. ह्या संख्येचा एक गुण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तो असा की, ती मुकी आहे. तिचे पहिले अकरा आकडे यदृच्छेने पडलेले असतात आणि बारावा त्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, तोही लिहिताना झालेली चूक सापडावी एवढ्याचसाठी. तीत गाव नाही, धर्म नाही, वय नाही, जात नाही. आमच्याकडे आडनाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत जो हिशेब सुरू होतो, तो ह्या बारा आकड्यांनी होत नाही. विद्यापीठाला एका महापुरुषाचे नाव देण्यासाठी ज्या मराठवाड्यात १९७८ पासून १९९४ पर्यंत झगडावे लागले, नावापायी घरे जळाली, तेथे काहीही न सांगणारा आकडा ही एक प्रकारची सुटकाच होय.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. आमच्या समाजात लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि जुन्या चालीप्रमाणे ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव कोरून तिचे स्वतःचे नावही बदलून टाकतात. हा विधी सुंदर आहे असे म्हणणारे आहेत. त्यांनी एकदा बँकेत जाऊन पाहावे. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, शिधापत्रिकेवर दुसरी, सातबाऱ्यावर (असलीच तर) तिसरी. आणि ह्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावयाचे! २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दरमहा पंधराशे रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा हजारो स्त्रियांस ही अडचण एकाच महिन्यात उमगली. कार्डावरचे नाव त्यांनाही बदलून घ्यावे लागतेच. पण नावाखालचा आकडा बदलत नाही. माहेराहून सासरी जाताना जी एक गोष्ट तशीच्या तशी सोबत येते, ती ही.

तेव्हा आकड्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते अंगठ्याशी, अथवा अधिक नेमके बोलावयाचे तर, अंगठ्यावर टाकलेल्या भाराशी.

अंगठ्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अंमलदाराने राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराकडून करारावर आख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच की, ही सही माझी नव्हे असे पुढे त्याने म्हणू नये. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्यांच्या बुद्धीने ठशांचे वर्गीकरण सिद्ध झाले. त्याला नाव मात्र मिळाले त्यांचे वरिष्ठ हेन्री ह्यांचे. म्हणजे ही विद्या जन्मली ती संशयाच्या पोटी. 'मी तो नव्हे' असे म्हणणाऱ्यास पकडण्यासाठी जे साधन निघाले, त्याच्याकडे आपण आज 'मी तीच' असे म्हणणारीस पाठवीत आहोत.

लॉक ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत एक कल्पना मांडली आहे. एखाद्या राजपुत्राचा आत्मा, त्याच्या साऱ्या स्मृतींसह, मोच्याच्या देहात शिरला तर तो कोण? लॉकचे उत्तर, तो राजपुत्रच. कारण माणसाचे मीपण स्मृतीत असते, कातडीत नव्हे. आमच्या यंत्राचे उत्तर निश्चित उलटे आहे. ते मोच्यास धान्य देईल आणि राजपुत्रास परत पाठवील. बरे, कातडी तरी स्थिर असावी! ज्या बाईने चाळीस-पन्नास हंगाम कापूस वेचला, वाळलेल्या बोंडांची टोके जिच्या बोटांत रुतली, तिच्या बोटांवरील रेषा उरतील कोठून? मानवतच्या बाजारात ज्या कापसाने गाड्या भरल्या, तो वेचता वेचता त्या झिजल्या. आमच्यासारख्या खडू आणि पुस्तक ह्यांवाचून काही न धरणाऱ्याचा अंगठा मात्र पहिल्याच खेपेस उमटतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. यंत्र येण्यापूर्वी मेलेल्यांच्या नावावर धान्य उचलले जात होते, खोट्या शिधापत्रिका होत्या, आणि ती चोरी गरिबाच्याच तोंडातली होती. ओळखणारा दुकानदार सर्वत्र आमच्या ह्या दुकानदारासारखा ओशाळणारा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने शासकीय साहाय्यासाठी आधार वैध ठरविले. बँकेचे खाते आणि भ्रमणध्वनी ह्यांसाठीची सक्ती मात्र रद्द केली. थोडे लोक वगळले जातात म्हणून साऱ्यांची सोय टाकून देऊ नये, असा बहुमताचा सूर होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ह्यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले.

'थोडे लोक' ह्या शब्दांपाशी आमचे पाऊल अडते. चूक जर फाशांसारखी पडत असती, ह्या महिन्यात आमच्यावर आणि पुढच्या महिन्यात तुमच्यावर, तर ती सोसावी असे आम्हीही म्हटले असते. परंतु हे थोडे लोक दर महिन्यास तेच असतात: म्हातारे, मजूर, हात झिजलेले. झारखंडातील सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी जोडली नाही म्हणून त्या घराची शिधापत्रिका रद्द झाली होती. मृत्यू उपासमारीने झाला असे तिच्या आईचे म्हणणे, मलेरियाने झाला असे शासनाचे. कारणाचा वाद राहू द्या. पत्रिका रद्द झाली होती, ह्याविषयी वाद नाही.

कायद्यात पर्याय आहेत, हे आम्ही जाणतो. बोट न जुळल्यास बुबुळ आहे, भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक आहे. पण ज्या घरातला एकुलता फोन मुलगा ऊसतोडीला सोबत घेऊन गेला, तेथे संकेतांक कोठे येणार? आणि ह्याहून मोठी अडचण निराळीच आहे. 'सिद्ध झाले नाही' आणि 'नाही' ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात आम्ही शिकवितो. यंत्रास हा भेद कळत नाही, ह्याचे दुःख नाही. यंत्रास काहीच कळत नाही. परंतु तो भेद ज्यास कळतो, त्या दुकानदाराच्या हातून आपण अधिकार काढून घेतला, आणि जबाबदारीही. त्याने त्या बाईस रिकामी परत पाठविले तर दोष त्याचा नाही, अधिकाऱ्याचा नाही, दिल्लीतल्या प्राधिकरणाचाही नाही. कोणीच काही केले नाही, आणि धान्य मिळाले नाही! आपल्या राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे; तिचे पैसेही आता आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. निराधारास आधार असल्यावाचून निराधार ठरता येत नाही, हा विनोद आमचा नव्हे. तो आम्ही तहसील कचेरीच्या ओट्यावर ऐकला.

आमचे म्हणणे एवढेच की, आकडा असावा, अंगठाही असावा, परंतु ते चुकतील तेव्हा चुकीचा भार धान्य देणाऱ्याने सोसावा, घेणारीने नव्हे. दुकानदाराने व दोन शेजाऱ्यांनी सही करावी आणि धान्य द्यावे. त्यात कोणी फसविले तर चौकशी मागाहून करता येते. गेलेले पाच किलो धान्य वसूल होऊ शकते. उपाशी गेलेला आठवडा होत नाही.

त्या बाईस शेजारणीने सांगितले की, बोटे लिंबाने घासून यावीत. दुसऱ्या दिवशी ती तशी आली, असे दुकानदाराने मागाहून आम्हांस सांगितले, यंत्र मानेना. रविवारी तिचा नातू परभणीहून आला. पत्रिकेवर त्याचे नाव होते. त्याने अंगठा ठेवला, यंत्रातून पावती निघाली, आणि नातवाच्या अंगठ्यावर आजीचे धान्य घरी गेले.