साक्षी आणि पहारेकरी

गेल्या चातुर्मासात कीर्तन आटोपल्यावर पुण्याचा एक तरुण माळकरी पाया पडून म्हणाला, "महाराज, मी घरी बसून संगणकावर कंपनीचं काम करतो. दर थोड्या मिनिटांनी माझ्या पडद्याचं चित्र मालकाकडे जातं. आईला औषध द्यायला उठलो तरी 'बसून होता' अशी नोंद होते. म्हणून सोबत्यांनी माऊस आपोआप हलवणारं यंत्र घेतलंय. मीही घेऊ का?"

प्रथम मालकाचा पक्ष पाहू. तो म्हणेल, "पगार मी देतो, मग पाहू नको काय?" हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. वेतन घेऊन काम न करणे ही चोरीच होय. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने २०२४ साली, कीबोर्ड चालू असल्याचा आभास केला म्हणून डझनाहून अधिक नोकर काढले. तेव्हा 'यंत्र घेऊ नकोस', असेच मी त्याला सांगितले.

आता उत्तरपक्ष. एखादा माळ भराभर ओढतो नि चित्त त्याचे बाजारात! पाहणारा मणी मोजील. नाम कसे मोजील? तसेच हे. विचार करीत स्तब्ध बसलेला आळशी ठरतो, नि उगाच बोटे हलविणारा उद्योगी. अशा पहाऱ्याने काम वाढत नाही, दंभ वाढतो.

अहो, पांडुरंगही अठ्ठावीस युगे पाहतोच आहे. पण जनाबाई दळताना दिसली, तेव्हा तो जात्यापाशी जाऊन बसला, अशी कथा आहे. पाहून जो ओझ्याला हात लावतो तो साक्षी. पाहून नुसता संशय धरतो तो पहारेकरी.

नेदरलँड्समध्ये एकाने घरून काम करताना दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्यास नकार दिला. अमेरिकी कंपनीने त्याला काढले. २०२२ साली तेथील न्यायालयाने ती बडतर्फी गैर ठरवून त्याला सुमारे ७५ हजार युरो देवविले. म्हणजे घराच्या उंबरठ्याला व्यवहारातही मान आहे. मालकाने झालेले काम तपासावे. पाहणे भागच असेल तर आधी सांगून, कामापुरते पाहावे.

तरुण म्हणाला, "आणि आकडा कमी भरून नोकरी गेली तर?" याला माझ्यापाशी गोड उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, "बाबा रे, एकटा जाऊ नकोस. सोबत्यांची दिंडी कर, केलेलं काम पुढे ठेवा आणि मालकाशी उघड बोला."

ज्याला अंतरीच्या साक्षीचे भान आहे, त्याला दुसरा पहारा कशाला? आणि ज्याला ते नाही, त्याला कोणता पहारा पुरणार? रामकृष्णहरि.