डब्यातली भाकर, डबीतली गोळी

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की घाटंजी, झरी-जामणीकडच्या बांधांवर तरोटा उगवतो. कोवळी पानं खुडायची, उकडून पिळायची, लसूण-कांद्याची फोडणी द्यायची. सोबत ज्वारीची भाकर नि तुरीचं वरण. वर लिंबू पिळलं तर त्यातलं सी जीवनसत्त्व भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला की नेमकं उलटं होतं. आणि आपण तर चहाशिवाय पाटावरून उठत नाही!

मग दुकानातली ताकदीची रंगीत गोळी कशाला? ताट असं भरलेलं असेल तर बहुतेकांना नकोच. पण सरसकट हातही झटकू नये. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी लागतेच, मग ताट कितीही भरलेलं असो. शाळेतल्या मोठ्या पोरापोरींना आठवड्याला एक निळी. बी-१२ तर कोणत्याच पालेभाजीत नाही; ते दूध, अंडी, मासळी, मटणात. घरी शाकाहार, दूधही जेमतेम, वर हातापायाला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावं.

शेजारणीला मानवली म्हणून तीच डबी आपण आणणं मात्र काही खरं नाही. जास्तीचं सी लघवीवाटे निघून जातं. ए आणि डी शरीरात साठतात, अती झालं की बाधतात.

सारखा थकवा येतो? आधी उपकेंद्रातल्या ताईंकडून हिमोग्लोबिन बघून घ्या. त्याला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं.