रविवारचा सामना

माझ्या गळ्यात माळ आहे आणि रावेरात मी पोरांना कबड्डी शिकवतो, म्हणून युअन मरे हा माणूस मला सुखानं बसू देत नाही. स्कॉटलंडचा पगारी रग्बीपटू, शिक्षणानं जनावरांचा डॉक्टर. २००५ साली सामन्यात डोक्याला मार बसून त्याला मैदानातच झटके आले. त्यानंतर तो देवाकडे वळला, आणि पुढे रविवारी खेळणंच त्यानं सोडलं.

२५ सप्टेंबर २०११. विश्वचषक, वेलिंग्टन, समोर अर्जेंटिना. वार रविवार, मरे बाहेर. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा अमोरोसिनो बचाव फोडून आत शिरला आणि स्कॉटलंड १२-१३ असं एका गुणानं हरलं. पुढं इंग्लंडनंही हरवलं. विश्वचषकात साखळीतूनच घरी जायची स्कॉटलंडची ती पहिली वेळ.

एरिक लिडेलचं कौतुक सगळ्यांना आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारमुळं त्यानं १०० मीटर सोडली, ४०० मीटरचं सुवर्ण घेतलं. पण धावणारा एकटा असतो. मरे होता प्रॉप. स्क्रममध्ये आठ जण एकमेकांना घट्ट धरून समोरच्या आठांना रेटतात, त्यात हा पहिल्या रांगेच्या टोकाला. तिथला गडी बदलला की उरलेल्या सातांच्या खांद्यांना ते कळतंच.

मग व्रत एकाचं आणि झळ सगळ्यांना, हे धर्मात बसतं का? आमची एकादशी पोटापुरती. भगर खाऊन मजूर केळीचे घड उतरवतोच, कटाई थांबत नाही. पण मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीला निघालेला वारकरी महिनाभर शेत सोडतो. तेव्हा ठिबकचे वॉल्व्ह फिरवायला भल्या पहाटे मागे बायको असते, नाहीतर भाऊ. त्यांच्या पुण्याचा हिशेब कुठल्या कीर्तनात मी तरी ऐकलेला नाही. व्रत करणाऱ्याचं व्रत बहुतेक वेळा असं दुसऱ्याच्या कष्टावर उभं असतं.

तरी मरेला मी दोष देत नाही. २०१० पासून तो रविवारचे सामने उघडपणे सोडत होता; निवडणाऱ्यांनी जाणूनच त्याला नेलं. ऐन सामन्याच्या सकाळी ज्याला देव आठवतो, त्याच्याशी माझं भांडण आहे. असा पोरगा माझ्याकडे आला तर पहिल्याच दिवशी कालनिर्णय काढून त्याचे वार लिहून घेईन, आणि त्याच्या जागी उतरणाऱ्याकडून वर्षभर पकडी घोटून घेईन.