टॅली

आमच्या बँकेत 'टॅली' या शब्दाला देवाच्या नावाखालोखाल मान आहे. संध्याकाळी कॅश टॅली झाली की दिवसभरात काय गोंधळ घातलात ते कुणी विचारत नाही. एकदा मी कॅशचा ड्रॉवर उघडा टाकून चहाला गेलो होतो. परत येऊन बघतो तो ड्रॉवर तसाच, नोटा तशाच आणि पेन्शनर आजोबांची रांगही तशीच. संध्याकाळी पै न् पै जुळली. कुणाला कळलं नाही, सबब चूक झालीच नाही! बी.कॉम.ला असताना झालेला तोटा कुठे दाखवायचा ते आम्हाला शिकवलं होतं. टळलेला तोटा कुठे दाखवायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं.

हा प्रश्न मला पडला तो बाली बेटावर, समुद्रात पालथा तरंगत असताना.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही तिघे इंडोनेशियाला गेलो. सौभाग्यवतींना देवळं बघायची होती, चिरंजीवांना फ्रीडायव्हिंग शिकायचं होतं आणि मला खर्चाचा हिशेब ठेवायचा होता. फ्रीडायव्हिंग म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता, छातीत मावेल तेवढ्या एकाच श्वासावर मारलेली बुडी. "टाकीचे पैसे वाचतात, बाबा," असं चिरंजीव म्हणाल्यावर मी विरोध तरी कसा करणार?

बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर अमेड म्हणून भाग आहे. तिथला जेमेलुक उपसागर ही देवाने शिकाऊ लोकांसाठी केलेली खास सोय असावी. बाजूंना डोंगरांचा आडोसा, म्हणून पाणी बहुधा शांत. किनाऱ्यापासून थोडंच पुढे गेलं की चांगली खोली. मागे आगुंग ज्वालामुखी. तो 1963 साली भयंकर फुटला होता. आम्ही असेपर्यंत मात्र गप्प बसला. वाळू काळी, आणि तिच्यावर दोन्ही अंगांना बांबूचे हात पसरलेल्या जुकुंग नावाच्या होड्या ओळीने उभ्या.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने किनाऱ्यावरच शिकवलं. फी एकाचीच भरली होती. पण ऐकण्यावर जीएसटी नाही, तेव्हा मीही जवळ बसलो. दम कोंडल्यासारखं वाटतं ते प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. बुडी मारली की हृदयाचे ठोके मंदावतात आणि प्लीहा आपल्याजवळच्या राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते. (प्लीहेचं हे फिक्स्ड डिपॉझिट मला फार आवडलं.) बुडीआधी भराभर श्वास घेणारा मात्र स्वतःलाच फसवतो. कार्बन डायऑक्साइड आधीच घटवल्यामुळे धोक्याची घंटा उशिरा वाजते आणि तोवर प्राणवायू संपून माणूस बेशुद्ध पडतो, तोही बहुतेक वेळा वर येताना, हवेच्या अगदी दारात. म्हणून एकट्याने बुडी मारायची नाही. एक खाली, तर एक वर. वरच्याने नजर काढायची नाही. खालचा वर आला तरी अर्धा मिनिट त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं.

हे ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या स्ट्राँगरूमलाही दोन किल्ल्या, दोघांकडे.

शिकवणी संपल्यावर तिसऱ्या दिवशी चिरंजीवांना 'नुसती पाच मीटरची' सरावाची बुडी मारायची होती. "बाबा, तुम्ही वर राहा. फक्त बघायचं." मी लाइफजॅकेट चढवून आणि तोंडात नळी धरून उतरलो. त्या जॅकेटात मला बुडायचं म्हटलं तरी बुडता आलं नसतं. मग वेळ आली तर त्याला काढायला खाली कसा जाणार होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे केलेल्या कागदावर सही करायची, ही आमची जुनी सवय.

तो खाली गेला आणि डावीकडून कुरकुर आवाज आला, कुणी पाण्यात बसून चकली खातंय तसा. बघतो तो पोपटमासा! हिरवानिळा, चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडत होता. हा गृहस्थ खडकावरचं शेवाळ खातो, त्याबरोबर आलेला दगड दळतो आणि मागल्या बाजूने वाळू करून टाकतो. ज्या पांढऱ्या किनाऱ्यांवर नवी जोडपी फोटो काढतात, त्यांतल्या कित्येकांची वाळू या उद्योगातून आलेली आहे. माझ्या देखत त्याने एक हप्ता भरलासुद्धा. मी रंगून गेलो.

मग आठवलं.

मान वळवली. खाली काळी वाळू, प्रवाळ आणि दोन विदूषक मासे. चिरंजीव नाहीत. किती वेळ झाला होता? तो मोजायला तर मला ठेवला होता! छातीत काहीतरी कोंडलं, आणि नळीतून मी तर व्यवस्थित श्वास घेत होतो. डोकं वर काढलं.

"बघितलंत ना, बाबा?" मागून आवाज आला. "किती सेकंद झाले?"

"चाळीस," मी म्हणालो. नोकरीत कधी केली नव्हती अशी खोटी एंट्री.

रात्री झोप येईना. सौभाग्यवतींनी अपचन समजून ओवा दिला. मुलगा वर आला म्हणून मी हौशी बाप. आला नसता तर? पण या दोन बापांत फरक काय? मान तेवढीच वळली असती, मासाही तोच. जो फरक पडला तो माझ्या हातून पडलेला नव्हता. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी नैतिक नशिबाच्या याच प्रश्नावर 1976 साली निबंध लिहिले, हे मी घरी आल्यावर वाचलं. त्याच साली जाक मायोल एका श्वासावर 100 मीटर खाली जाऊन आला होता. खोल जाण्याचं वर्षच दिसतं ते. आमचा ऑडिटर दोघांपेक्षा सोपा: पैसे पूर्ण भरले तरी उघड्या ड्रॉवरबद्दल तो शेरा मारतोच. इतकी वर्षं मी त्याला कोत्या मनाचा समजत होतो. तरी खरं सांगतो, त्या रात्री सुटल्याचा आनंदच अधिक होता.

सकाळी नाश्त्याला म्हणालो, "काल मी बघत नव्हतो."

"ठाऊक आहे," चिरंजीव म्हणाले. "वर येताना मला तुमचे तळवे दिसले. आणि चाळीस सेकंद मला अजून जमत नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगताय का, ते बघत होतो."

सौभाग्यवतींनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि कसले सेकंद ते विचारलं. सगळं सांगावं लागलं. नंतरचा अर्धा तास इथे लिहीत नाही.

त्या दिवशी प्रशिक्षकाची आणखी एक फी भरली. तो पाण्यावरून बघत होता, त्याच्याशेजारी मी बघत होतो. डावीकडे कुरकुर चालू होती.